फ्रायबुर्गचा शेतकरी बाजार: तिकिटाआधी घड्याळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही स्टुटगार्टला राहता, मे महिन्यात साताऱ्याकडून आई-बाबा येणार आहेत. वय ६४ आणि ६९. बाबांनी आयुष्यभर भाजीपाला पिकवला आणि बाजारात बसून विकला, म्हणून त्यांना राजवाड्यांपेक्षा इथला शेतकरी बाजार बघायची हौस आहे. आई शाकाहारी, अंडंही खात नाहीत. फ्रायबुर्गच्या बाजाराचं नाव तुम्ही ऐकलंय आणि विचारताय की रेल्वेने एका दिवसात जाऊन येणं जमेल का, आणि सगळ्यात स्वस्त तिकीट कोणतं.

मी १३ वर्षं कार्ल्सरूहला राहते. त्यातली ९ वर्षं आपल्याकडून येणाऱ्या कुटुंबांना या भागातल्या छोट्या सहली आखून देते आणि बऱ्याचदा सोबतही जाते. या बाजारात मी पाहुण्यांना घेऊन किती वेळा गेले याची मोजदाद नाही, आणि स्वतःची भाजी आणायला गेले ते वेगळंच. त्या अनुभवावर सांगते: जाऊन येणं जमेल. पण तुमची खरी अडचण तिकिटाच्या किमतीची नाही. बाबा त्या चौकात किती वाजता पोचतात, यावर सगळा दिवस अवलंबून आहे. तिकीट त्या वेळेवरून ठरवायचं. बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट काढतात, आणि तिथेच फसतात.

हा बाजार म्युन्स्टर नावाच्या मोठ्या चर्चच्या भोवतालच्या चौकात भरतो. सोमवार ते शनिवार रोज, सकाळी साडेसातला सुरू. सोमवार ते शुक्रवार दुपारी दीडपर्यंत आणि शनिवारी दोनपर्यंत. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला नाही. दीड म्हणजे दीडला चौक मोकळा व्हायला लागतो, दीडला खरेदी सुरू करायची नव्हे. साडेबारा वाजले की चांगला माल संपलेला असतो, क्रेट गाडीत चढायला लागतात, आणि पहाटे उठून आलेला शेतकरी कुणाशी निवांत बोलायच्या मनःस्थितीत नसतो. बाबांना हे वेगळं सांगायला नको, बाजार उठतानाची घाई त्यांनी जन्मभर पाहिलीय.

आता स्वस्त तिकिटाकडे येऊ. तुमच्या डोक्यात बाडेन-व्युर्टेमबेर्ग तिकीट असणार. एका दिवसाचं, जास्तीत जास्त पाच जणांचं, राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांना आणि शहरांतल्या ट्रामलाही चालणारं. उत्तम तिकीट आहे. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं. आणि आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांमध्ये ते चालतच नाही. प्रादेशिक गाड्यांनी स्टुटगार्ट ते कार्ल्सरूह साधारण तासभर, तिथून पुढे फ्रायबुर्गपर्यंत दोन तास किंवा थोडं जास्त, मध्ये गाडी बदलण्याचा वेळ. नऊला निघालात तर चौकात पोचेपर्यंत साडेबारा धरा. मी सुरुवातीच्या वर्षात एका कुटुंबाला नेमकं असंच नेलं होतं. पोचलो तेव्हा अर्ध्या तंबूंची कापडं उतरली होती. त्या काकूंच्या हातात घरून आणलेली रिकामी पिशवी होती, ती तशीच घडी घालून त्यांनी परत पर्समध्ये ठेवली. तेव्हापासून मी आधी घड्याळ बघते.

शनिवारी हे तिकीट रात्री बारापासून चालतं. म्हणजे सकाळी साडेसहा-सातला निघालात तर दहा-साडेदहाला बाजारात. पैशांचा हिशेब घट्ट असेल तर शनिवार, हे सरळ उत्तर. पण शनिवारी गर्दीही सगळ्यात जास्त. दुकानं जास्त असतात हे खरं, तरी प्रत्येक दुकानापुढे रांग असते, आणि मागे माणसं उभी असताना बाबांनी दोन प्रश्न विचारावेत आणि तुम्ही ते जर्मनमध्ये सांगावेत, हे जमत नाही. नुसतं हिंडून बघायचं तर शनिवार छान. बाबांना शेतकऱ्याशी बोलायचंय, म्हणून तुम्हाला मी गुरुवार किंवा शुक्रवार सुचवेन, आणि सकाळी साडेनऊच्या आत तिथे पोचा.

त्यासाठी जाताना आयसीई घ्या. स्टुटगार्टहून कार्ल्सरूह पाऊण तासाच्या आत, तिथे गाडी बदलून फ्रायबुर्ग साधारण तासाभरात. बदलण्यासकट दोन-सव्वादोन तास. आठवडे आधी काढलं तर सवलतीचं तिकीट बरंच कमी भावात मिळतं, मात्र ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. आणि परत येताना? इथे माझी नेहमीची युक्ती: येताना बाडेन-व्युर्टेमबेर्ग तिकीट. तोवर नऊ वाजून गेलेले असतात, त्यामुळे कामाच्या दिवशीही ते चालतं. कोणत्याही प्रादेशिक गाडीत बसा, आई दमल्या तर लवकर निघा, बाबा रमले तर उशिरा निघा. तीन-साडेतीन तास लागतात हे मात्र आधी मान्य करायला हवं. आईंचे गुडघे किंवा कंबर त्रास देत असेल तर येतानाही आयसीईच घ्या आणि थोडे पैसे जाऊ द्या. त्यांची तब्येत तुम्ही जाणता, मी नाही.

तुमच्याकडे स्वतःचं डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास, असेल तर प्रादेशिक गाड्यांसाठी तुम्हाला वेगळं काही लागत नाही, फक्त आई-बाबांचं काढा. आई-बाबा महिनाभर राहणार असतील आणि हिंडणार असतील तर त्यांनाही डॉइचलांड तिकीट परवडू शकतं. ते मासिक वर्गणीचं आहे, म्हणून बंद करायचं असेल तर त्याच महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. हे विसरलं की पुढच्या महिन्याचे पैसे जातात आणि पाहुणे तोवर साताऱ्यात पोचलेले असतात. आणि बाडेन-व्युर्टेमबेर्ग तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायची राहू देऊ नका, तपासनीस ती पासपोर्टशी ताडून बघतो.

गाडी बदलण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ज्येष्ठांना घेऊन जाताना दिवस बिघडतो तो इथे. २०२४ साली जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. म्हणून दहा मिनिटांत गाडी बदला असं रेल्वेचं ॲप सुचवत असेल तर ते घेऊ नका. ॲपमध्ये बदलण्याचा किमान वेळ वाढवता येतो, तो २० मिनिटं करा. दुसरं म्हणजे स्टुटगार्ट ते फ्रायबुर्ग हे एकच सलग तिकीट काढा. कुणीतरी सांगतं की दोन तुकड्यांत स्वस्त पडतं. पडतही असेल, पण पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली तर दोन सुट्या तिकिटांवर तुम्हाला कुणी विचारत नाही. एकाच तिकिटावर शेवटच्या स्टेशनात २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर गाडीचं बंधन सुटतं आणि पुढच्या गाडीने जाता येतं. तासाभराच्या उशिराला भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के परत मागता येतात.

फ्रायबुर्ग ज्यावर आहे तो कार्ल्सरूह ते बाझेल हा रुळमार्ग अनेक वर्षं चौपदरी होतोय. २०१७ च्या ऑगस्टमध्ये राश्टाटजवळ बोगद्याच्या कामात वरचे रूळ खचले आणि हा मार्ग सात आठवडे बंद होता. आजही कामांमुळे कधी गाड्या वळवतात, कधी काही टप्प्यात बस देतात. जायच्या आदल्या संध्याकाळी ॲपमध्ये तुमची गाडी पुन्हा एकदा बघा. स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनात २०१० पासून बांधकाम चालू आहे आणि फलाटापर्यंत बरंच चालावं लागतं हे तुम्हाला माहीत आहे, पण आई-बाबांच्या चालीने ते अंतर किती होतं याचा अंदाज घ्या. घरून नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघा.

आसनं राखून ठेवा. आयसीईत तिकीट म्हणजे जागा नव्हे, जागेचे पैसे वेगळे. फलाटावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं टांगलेली असतात, आपला डबा कोणत्या अक्षरापाशी थांबेल ते फलकावर दिसतं, तिथेच जाऊन उभं राहायचं. शेवटच्या क्षणी डब्यांचा क्रम उलटा झाल्याची घोषणा होते, तेव्हा सगळी गर्दी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते. तुम्ही धावू नका. समोर येईल त्या दारातून चढा आणि आतून चालत जा. गाडी थांबते तेवढ्या वेळात ६९ वर्षांच्या माणसाने फलाटावर पळू नये.

दशम्या-चटणी बरोबर घ्या. आपलं आपण खायला गाडीत कुणाची ना नसते. आणि फ्रायबुर्ग यायच्या आधी गाडीतलं स्वच्छतागृह वापरून घ्या, खाली उतरल्यावर पैसे मोजावे लागतात आणि शोधावं लागतं.

ऑफेनबुर्गनंतर डाव्या हाताला काळ्या जंगलाचे (ब्लॅक फॉरेस्टचे) डोंगर, उजव्या हाताला ऱ्हाइनचं सपाट खोरं. बाबांना उजवीकडची खिडकी द्या. मे महिन्यात या खोऱ्यात लांबच लांब गादीवाफे आणि त्यांवर ताणलेला प्लास्टिकचा कागद दिसतो. तो श्पार्गेल, म्हणजे पांढरं अस्परॅगस. आपल्या शतावरीच्याच कुळातलं. हे बाबांना आधीच दाखवून ठेवा, कारण बाजारात गेल्यावर तेच पीक क्रेटमध्ये भेटणार आहे.

स्टेशनातून बाजार पायी दहा-बारा मिनिटं. बाहेर पडलं की आयझेनबानश्ट्रासे नावाचा रस्ता सरळ पूर्वेला जातो, पुढे राटहाउसगासे, मग मुख्य रस्ता ओलांडला की समोर म्युन्स्टरचा मनोरा. ११६ मीटर उंच आणि वरचं टोक दगडी जाळीचं, आकाश आरपार दिसतं. चालायचं नसेल तर स्टेशनावरच्या पुलावरून ट्राम मिळते, दुसरा थांबा बेर्टोल्ड्सब्रुनेन, तिथून चार-पाच मिनिटं. जुन्या शहरात रस्त्याच्या कडेने बेख्ले नावाचे अरुंद उघडे पाट वाहतात. पाटच म्हणते मी त्यांना, कारण दिसायला ते आपल्या मळ्यातल्या पाटासारखेच आहेत: ड्रायझाम नदीचं पाणी वळवून घेतलेलं, नुसत्या उतारावर वाहणारं. चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं अशी गावची समजूत आहे. आईंना सांगा, पण लक्षही ठेवा. पाट खोल नाहीत, तरी घोटा मुरगळायला पुरेसे आहेत, आणि खालची गोट्यांची फरसबंदी पावसात निसरडी होते. सपाट तळाचे बूट हवेत, चपला नकोत.

आता बाजार. पहिली गोष्ट म्हणजे बाजूंचा फरक. चर्चच्या उत्तरेला प्रामुख्याने आसपासचे शेतकरी आपला माल घेऊन बसतात. दक्षिणेला व्यापारी: फुलं, मसाले, ऑलिव्ह, लाकडी वस्तू, बाहेरून आलेली फळं. दक्षिण बाजू दिसायला जास्त रंगीत, मागे लाल रंगाची जुनी व्यापारी इमारत, त्यामुळे पाहुण्यांचे फोटो तिथलेच. बरेच जण तेवढंच बघून परत जातात आणि शेतकरी बाजार पाहिला असं समजतात. तुम्ही थेट उत्तरेला जा. तिथेही कुठे आणलेला माल असू शकतो, म्हणून पाटी वाचा. आउस आयगेनेम आनबाऊ असं लिहिलं असेल तर माल स्वतःच्या शेतातला. भाजी-फळांवर मूळ देश लिहिणं बंधनकारक आहे. स्पेन किंवा इटली दिसलं तर तो व्यापाऱ्याचा माल आहे, वाईट असेल असं नाही, पण बाबांना त्या माणसाला शेतीचं विचारून उपयोग नाही.

सगळा बाजार बघायचा हट्ट सोडा. एक फेरी मारा, काही न घेता, वीस मिनिटं. मग बाबांना विचारा की कोणत्या दुकानापाशी परत जायचं. माझ्या अनुभवात शेतकरी माणूस फेरी संपायच्या आतच ते ठरवतो. तीन वर्षांपूर्वी निफाडकडच्या एका कांदा-बागायतदारांना घेऊन गेले होते. त्यांनी बाकी सगळं सोडून एका श्पार्गेलवाल्या बाईंपुढे अर्धा तास काढला. आधी काही बोलले नाहीत, नुसते क्रेटकडे बघत होते. ओल्या कापडाखाली पांढऱ्या कांड्या जाडीप्रमाणे वेगवेगळ्या लावलेल्या, सगळ्यांची टोकं एका दिशेला. त्या बाईंनी दोन कांड्या उचलून एकमेकींवर घासल्या. ओल्या काचेवर बोट फिरवल्यासारखा किर्र आवाज आला. ताज्या मालाची हीच खूण. शिळा झाला की आवाज बंद होतो. मग कापलेला बुडखा दाखवला, दाबल्यावर पाण्याचा थेंब आला. निफाडचे काका म्हणाले, ‘विचारा यांना, एकदा लावलं की किती वर्षं?’ पहिलं पुरेसं पीक तिसऱ्या वर्षी, आणि मग पुढे दहाएक वर्षं तेच मूळ. ‘म्हणजे लागण एकदा आणि खोडवा आठ-दहा वर्षं,’ असं ते म्हणाले आणि मला ते जर्मनमध्ये सांगता येईना, कारण उसाचा खोडवा कुणी पाहिलेला नव्हता. शेवटी फोनवर उसाचा फोटो दाखवून समजावलं.

प्लास्टिकचा कागदही त्यांनीच विचारला. एक बाजू काळी, एक पांढरी. काळी वर ठेवली की माती तापते आणि पीक लवकर येतं, पांढरी वर केली की वाढ मंदावते, म्हणजे बाजारात एकदम माल पडत नाही. आणि कांडी मातीबाहेर येऊन उन्हाला लागली की रंग बदलतो, म्हणून पांढरी हवी तर मातीत हात घालून, लांब सुरीने एकेक कापायची. तोडणी २४ जूनपर्यंतच, मग पीक वाढू देतात, म्हणजे मुळात पुढच्या वर्षाचा साठा होतो. भाव ऐकून काका आधी दचकले होते, तोडणीची पद्धत ऐकल्यावर गप्प झाले.

बाबांना माती विचारायची असेल तर टुनिबेर्ग आणि कायझरश्टूल ही दोन नावं लक्षात ठेवा. फ्रायबुर्गच्या पश्चिमेच्या या टेकड्या, बाजारातली बरीच फळं, भाजी आणि वाइन या पट्ट्यातली. कायझरश्टूल मुळात ज्वालामुखी. साताऱ्याच्या डोंगरांप्रमाणे खाली लाव्ह्याचाच खडक, पण वर वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळसर भुसभुशीत मातीचा जाड थर. आपल्याकडच्या काळ्या रानाशी तुलना करायला बाबांना आवडेल.

खरेदीच्या रीती आई-बाबांना गाडीतच सांगून ठेवा, दुकानापुढे उभं राहून नको. भाजी हाताने उचलून, दाबून, भेंडीसारखी टोक मोडून बघायची नाही. बोट दाखवायचं, विकणारा उचलून देतो. आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, नंबर आला की आधी गुटेन मॉर्गेन आणि मग काय हवं ते. घासाघीस नाही. आईंना हे जड जाईल, बहुतेक आयांना जातं, पण पाटीवरचा भाव हाच भाव. आणि पाटी नीट वाचायची: भाजीवर किलोचा भाव असतो, चीज, ऑलिव्ह, मशरूम यांवर अनेकदा १०० ग्रॅमचा. पाटीवर ३ युरो बघून अर्धा किलो चीज मागितलं आणि १५ युरो द्यावे लागले, असं माझ्यासमोर एकदा नाही, चार-पाचदा झालंय. बुंट म्हणजे जुडी, श्ट्युक म्हणजे नग, आणि फुंड म्हणजे अर्धा किलो. सुटे पैसे आणि नोटा जवळ ठेवा, काही शेतकरी कार्ड घेत नाहीत. कापडी पिशवी घरून न्या.

मे महिन्यात श्पार्गेल, स्ट्रॉबेरी, रुबार्ब, मुळे, नवलकोल, कोवळा पालक हे सगळं मिळेल. मुळ्याची किंवा नवलकोलाची जुडी घेतली की विकणारा विचारतो, पाला काढू का? आणि उत्तर यायच्या आत हात पाला पिळून तोडायला गेलेला असतो. तेव्हा पटकन म्हणायचं, ‘बिट्टे ड्रानलासन’, राहू द्या. मुळ्याच्या पाल्याची डाळ घालून भाजी होते हे मी इथल्या एका शेतकऱ्याला करून खायला घातल्यावर तो बाजूच्या क्रेटमधला उरलेला पालाही मला देऊ लागला. रुबार्ब म्हणजे लाल देठांचं आंबटढाण प्रकरण, गूळ घालून त्याची चटणी सुरेख होते. पानं मात्र विषारी, ती खायची नाहीत. हे नक्की सांगा, कारण आपल्या बायका कुठलाच पाला टाकत नाहीत.

आईंच्या खाण्याबद्दल थोडक्यात. बाजारात सगळ्यात मोठी रांग लांग रोटे नावाच्या लांबलचक सॉसेजपाशी असते. वासाचा त्रास होत असेल तर त्या बाजूने जाऊ नका. शाकाहारी दिसणारे पण नसणारे पदार्थ जास्त अडचणीचे. कांद्याच्या केकमध्ये बहुतेक डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. चीजकेकमध्ये अंडं असतं. ब्रेत्सेलच्या पिठात काही ठिकाणी डुकराची चरबी घालतात, विचारा: ओने श्माल्त्स? पुष्कळ चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावलेलं असतं, आईंना ते चालत नसेल तर तेही विचारावं लागेल. यातलं काही नको असेल तर लाकडाच्या भट्टीतला पाव, लोणी आणि डबीभर स्ट्रॉबेरी, चर्चच्या पायरीवर बसून. बरोबरची चटणी इथे कामाला येते.

बाहेर पडण्याआधी मनोऱ्याखालच्या मुख्य दाराच्या देवडीत बाबांना जरूर न्या. तिथे दगडी भिंतीत मापं कोरलेली आहेत. पावाचे आकार, १२७० आणि १३१७ अशी सालं घालून, धान्याचं माप, विटेचं माप, कापड मोजायची लांबी. गिऱ्हाइकाला शंका आली तर पाव इथे आणून भिंतीला लावून बघायचा. या गावाला बाजार भरवायचा हक्क ११२० साली मिळाला, म्हणजे गाव वसलं तेच बाजारासाठी. १९४४ च्या २७ नोव्हेंबरला बॉम्बहल्ल्यात भोवतालचं जुनं शहर बेचिराख झालं, हे चर्च मात्र वाचलं आणि ही मापंही राहिली. मी नेलेल्या जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याने त्या पावाच्या आकारावर हात ठेवून बघितलाय. आपल्याकडच्या शेर-पायलीची गोष्ट मग आपोआप निघते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर सोडते. आईंना दोन तासांपेक्षा जास्त बसवत नसेल तर फ्रायबुर्गला एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाजारात जा. तेव्हा शेतकरी सगळ्यात निवांत असतो. आणि प्रवासच झेपणार नसेल तर स्टुटगार्टमध्येच मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी मार्क्टप्लात्झ आणि शिलरप्लात्झवर बाजार भरतो, जवळच १९१४ सालची मार्केटची जुनी बंदिस्त इमारतही आहे. फ्रायबुर्गइतका मोठा नाही, पण शेतकरी तिथेही भेटतात. तारीख धरताना मे-जूनच्या सुट्ट्या बघा: १ मे, असेन्शनचा गुरुवार, पेंटेकॉस्टचा सोमवार, फ्रोनलायखनामचा गुरुवार. यातले दोन गुरुवारच आहेत, आणि मी तुम्हाला गुरुवार सुचवलाय, म्हणून मुद्दाम लिहिते. त्या दिवशी चौक रिकामा असेल.

घेतलेली भाजी इथेच संपवा, ताजी भाजी-फळं, रोपं, कंद भारतात नेऊ नका. वनस्पती विलगीकरणाची कागदपत्रं नसली तर विमानतळावर काढून घेतात. बाबा बियाणं मागतील, त्यांना आधीच समजावून ठेवा.

श्पार्गेल घेतलात तर ओल्या पंच्यात गुंडाळून आणा आणि त्याच संध्याकाळी करा. टोक सोडून खालच्या दिशेने साल काढायची, बुडखा बोटभर कापायचा. साली आणि बुडखे फेकू नका. ते पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळून घ्या, त्याच पाण्यात मीठ आणि चिमूटभर साखर घालून कांड्या बारा-पंधरा मिनिटं शिजवा, वरून साजूक तूप. उरलेल्या पाण्याला जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी आणि थोडं नारळाचं दूध घातलं की भाताबरोबर सार होतं. आईंना ते आवडेल.

तारीख नक्की झाली की वार आणि निघायची वेळ इथेच लिहा, गाड्यांची जोडणी बघून सांगते.